पेटी आणि गॅरेज



वसंत व्याख्यानमालेचा पायंडा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडला. तेव्हापासून या निरनिराळ्या गावांतल्या व्यासपीठांवरून उपनिषदांपासून अणुशक्तीपर्यंत पुष्कळ विषय बोलले गेले. जुन्या कंटेनरचे गॅरेज कसे करावे, हा विषय मात्र बहुधा कुणी घेतला नसेल. चालकांनी मला विषय विचारला, मी हा सांगितला, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "कामगार चळवळीवर बोलला असतात तर बरे झाले असते." मी म्हटले, कामगार चळवळीवरच बोलणार आहे. फक्त घोषणांच्या बाजूने न येता या वेळी पान्याच्या बाजूने येतो.

पनवेलहून न्हावा-शेव्याकडे जाणारा रस्ता आणि उलव्याकडून येणारा आम्र मार्ग जिथे एकमेकांस मिळतात, तो गव्हाण फाटा. गव्हाण या शब्दाचा अर्थ आपण सारे जाणता. गोठ्यात गुरांपुढे वैरण टाकण्याची जागा ती गव्हाण. गावाला हे नाव कशावरून पडले ते पंडितांनी सांगावे. पण आज त्या फाट्यावर रात्रंदिवस जी गुरे येऊन उभी राहतात ती अठरा-बावीस चाकांची आहेत. त्यांचे पाटे मोडतात, ब्रेक धरत नाहीत, टायर फुटतात, होज गळतात. त्यांची शुश्रूषा करणारी माणसे रस्त्याच्या कडेला बसतात, आणि बसतात कशात, तर ज्या पेट्या ही गुरे वाहून नेतात त्यांतल्याच एखाद्या निकामी पेटीत. बाहेर कम्प्रेसर, आत पाने, दारात एक बाकडे. हे दृश्य जासई, दास्तान फाटा, करळ, उरणपर्यंत ठिकठिकाणी आहे. आपण मोटारीतून जाताना ते पाहिले असेल. काच खाली करून पाहिले असेल असे मात्र वाटत नाही.

या पेटीत बसलेला पोरगा कोण, हे दोन शब्दांत सांगितले पाहिजे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. भातशेती गेली, मिठागरे गेली, खाडीची खाजणे गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत जासई परिसरात गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढे आली ती या रक्तातून. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. ज्यांच्या आजोबांनी गोठ्यात बैल बांधले त्यांचे नातू आज बंदराच्या रस्त्यावर ग्रीस लावीत आहेत. त्यांतले काही नातू साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर इमारत उभी करून सुखात आहेत, हेही खरे. मी त्यांच्याविषयी बोलत नाही. ज्यांच्या वाट्याला भावकीत वाटण्या होऊन कागदच आला, आणि शेजारच्या जिल्ह्यांतून, बिहार-उत्तर प्रदेशातून जे आले, त्यांच्याविषयी बोलतो. पेटीत दोघेही शेजारी-शेजारी असतात. त्यांचे भांडण लावून देणारे पुष्कळ आहेत. आमच्या युनियनचे काम त्यांना एकाच जाजमावर बसवण्याचे.

आता ही पेटी. मालकम मॅक्लीन नावाचा अमेरिकेतला एक ट्रकवाला. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' या त्याच्या बोटीतून अठ्ठावन्न लोखंडी पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेल्या, आणि जगातल्या गोद्यांचा इतिहास बदलला. हमालांकरवी सुटा माल चढवायला त्या काळी टनामागे ५ डॉलर ८३ सेंट पडत. पेटीने तेच काम सोळा सेंटांच्या आत आले, असा हिशोब सांगतात. हा हिशोब ऐकून व्यापारी टाळ्या वाजवतात. मी ऐकतो तेव्हा मला विचारावेसे वाटते, मधले साडेपाच डॉलर कुणाच्या ताटातले होते? मुंबईच्या गोदीत हुक खांद्यावर टाकून टोळ्या उतरत. त्या माणसांना रोजच्या रोज दारात उभे राहून काम मागावे लागू नये म्हणून १९४८ चा गोदी कामगार कायदा झाला. पी. डिमेलोंनी त्यांना संघटित केले; १९५८ साली ते वारले, आणि आज बंदरालगतचा रस्ता त्यांच्या नावाचा आहे. गोदीबाहेरच्या हमालांसाठी अण्णासाहेब पाटलांच्या लढ्याने १९६९ चा माथाडी कायदा मिळवला. हे सारे उभे होते त्या काळातच पेटी येऊ घातली होती. तिने पोते, गाठ, पेटारा, सारे पोटात घेतले, आणि हुक खुंटीला लागला. यंत्राला शिव्या देण्याचा माझा स्वभाव नाही. पाठीवर क्विंटलाचे पोते घेऊन फळीवरून चढणे यात काव्य शोधणाऱ्याने एकदा ते घेऊन चढावे. मात्र यंत्राने वाचवलेला घाम कुणाच्या खात्यात जमा झाला, हा प्रश्न विचारणे सोडता कामा नये. ज्या पेटीने आजोबांचे काम खाल्ले तिच्याच पोटात नातवाला दुकान थाटायचे असेल, तर निदान ते दुकान धड असावे, जिवावर बेतणारे नसावे, एवढा आग्रह धरण्याचा आपल्याला हक्क आहे.

आपल्याकडे गॅरेज म्हणजे दुरुस्तीचे दुकान. इंग्रजी घरांत गॅरेज म्हणजे मोटार ठेवण्याची खोली. समोर बसलेल्यांपैकी काही जणांनी प्लॉट घेतले असतील, आणि एखादी जुनी पेटी आणून तीत गाडी ठेवावी असा विचार त्यांच्या मनात असेल. त्यांच्याही कामाचे आधी सांगतो, कारण तिथे माप चुकते.

वीस फुटी पेटी बाहेरून आठ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच असते. आतली रुंदी २.३५ मीटर, म्हणजे पावणेआठ फुटांहून किंचित कमी. आतली लांबी ५.९ मीटर. दाराची उंची सुमारे २.२८ मीटर, साडेसात फूट. चाळीस फुटी पेटी लांबीला दुप्पट, रुंदीला तेवढीच. रुंदी वाढत नाही, कारण ती रस्त्याने आणि बोटीने ठरवलेली आहे. आपल्या सोयीने नव्हे. आता साधी घरगुती मोटार घ्या. ती १.७ मीटर रुंद असते. उरले पासष्ट सेंटिमीटर. गाडी अगदी मधोमध उभी केली तर प्रत्येक बाजूला एक फूट आणि वर एखादा इंच. एवढ्यात मोटारीचे दार किती उघडेल? मांजर बाहेर पडेल, मालक पडणार नाही. गाडी एका भिंतीला चिकटवून लावली तर ड्रायव्हरच्या बाजूला दोन फूट मिळतात आणि सडपातळ माणूस आडवा होऊन निघतो; म्हातारे आईवडील आधी बाहेरच उतरवावे लागतात. म्हणून मोटारीसाठी पेटी घ्यायची तर एक लांब भिंत कापून मोकळी करावी लागते. रिक्षा आणि मोटारसायकल यांना मात्र ती उत्तम बसते. रिक्षा १.३ मीटर रुंद. तिच्या दोन्ही बाजूंना माणूस बसून काम करू शकतो.

आणि ट्रक? ट्रकची स्वतःची रुंदी आठ फुटांच्या वर. पेटी ट्रेलरवर बसते, ट्रेलर काही पेटीत बसत नाही. गव्हाण फाट्यावर काम ट्रेलरचे आहे. तेव्हा पेटीला गॅरेज म्हणायचे असले तरी खरे काम तिच्या बाहेर, उन्हात आणि चिखलात, रस्त्याला पाठ करून चालते. पेटी म्हणजे नुसते हत्यारांचे कपाट. हे एकदा मान्य केले की पुढचा विचार सरळ होतो.

परंतु भिंत कापण्याआधी पेटी उभी कशावर राहते ते समजून घ्या. कापणारे पुष्कळ भेटतात, समजून घेणारे कमी. पेटीचा सगळा भार चार कोपऱ्यांच्या खांबांतून जातो. वर-खाली मिळून आठ कोपऱ्यांना ओतीव पोलादाचे भोके असलेले ठोकळे असतात. त्यांतच क्रेनचे आकडे आणि ट्रेलरच्या कड्या अडकतात. बोटीवर एकावर एक आठ-नऊ भरलेल्या पेट्या राहतात त्या या खांबांच्या जोरावर. दोन खांबांमधली भिंत म्हणजे जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा नालीदार पत्रा. पण तो नुसता पडदा नाही. तोच पत्रा वरच्या आणि खालच्या पट्टीला धरून ठेवतो आणि दोन खांबांमध्ये तुळईचे काम करतो. तो पंधरा फूट कापून काढलात की वरची पट्टी लोंबकळते, आणि छप्पर मध्ये वाकते. पहिल्या पावसात तिथे पाणी साचते, पाण्याच्या वजनाने आणखी वाकते. म्हणून भिंत कापण्याआधी वरच्या पट्टीखाली चार इंची चौकोनी पाईप किंवा चॅनेल घालून तो दोन्ही टोकांना उभ्या आधारावर वेल्ड करावा, आणि मग कटर लावावा. आधी कापून मग टेकू शोधणारा वेल्डर पाहिला की मला झाडाच्या फांदीवर बसून तीच फांदी तोडणाऱ्याची आठवण होते.

छपराचा पत्राही दोन मिलिमीटरचा. त्याच्या खाली तुळया नसतात. त्याला चेन-पुली अडकवून इंजिन उचलणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. इंजिन उचलायला वेगळी लोखंडी घोडी जमिनीवर उभी करावी, ती पेटीला बांधूही नये. खाली जमीन म्हणून असते ती अठ्ठावीस मिलिमीटर जाडीची प्लायवूडची. ती मजबूत असते, कारण तिच्यावरून माल भरताना फोर्कलिफ्ट फिरतो. लहान मोटारीचे वजन तिला जाणवतही नाही. पण जॅकचा टोकदार भार तिला सहन होत नाही, आणि तेल ती पिते. सहा महिने तेल प्यालेले प्लायवूड म्हणजे वात लावून ठेवलेली समई. शिवाय परदेशी किडे येऊ नयेत म्हणून त्या लाकडाला कारखान्यातच कीटकनाशक पाजलेले असते. त्यावर चेकर्ड प्लेट टाकावी. आणि त्या लाकडावर बसून जेवू नये. हे शेवटचे मी दहा गॅरेजांत सांगितले आहे आणि दहाही ठिकाणी पोरे तिथेच डबा उघडतात. दुसरी जागाच नसते, हे त्यांचे उत्तर, आणि ते खोटे नाही.

आता मी ज्यासाठी मुख्यतः उभा राहिलो आहे तिथे येतो. ही पेटी मालासाठी केलेली आहे. मालाला श्वास घ्यावा लागत नाही आणि मालाला बाहेर पडायचे नसते. वरच्या कडेला जी बारीक जाळीची भोके दिसतात ती हवेचा दाब सारखा राहावा एवढ्यापुरती असतात. ती खिडकी नव्हे. आणि दाराच्या उभ्या सळया, ज्यांना लॉकिंग रॉड म्हणतात, त्या फक्त बाहेरून फिरतात. आतल्या बाजूने त्यांना कडी नाही, खिटी नाही, काही नाही. आत माणूस असताना वाऱ्याने दार लागले आणि बाहेरच्या कुणी सवयीने दांडा फिरवला, तर आतल्या माणसाने पत्रा ठोकत बसावे. रस्त्यावर ट्रेलर धडधडत असताना तो ठोका कोण ऐकणार? म्हणून पेटी गॅरेजसाठी आली की पहिले काम कोणते? रंग नव्हे, पाटी नव्हे, नारळ नव्हे. त्या सळया कापून काढणे, किंवा दोन्ही दारे मागे वळवून बाहेरच्या भिंतीला कायमची जखडणे. रात्री बंद करायला आतूनही उघडणारे साधे शटर किंवा फाटक लावावे. आणि दाराच्या विरुद्ध टोकाला माणूस सहज जाईल असे दुसरे दार कापावे. आग नेहमी दाराशी लागते, कारण कम्प्रेसर आणि बोर्ड दाराशी असतो.

श्वासाचे तसेच आहे. आमच्याकडे आलेल्या एका प्रकरणाची हकिगत सांगतो. जुलै महिना, पाऊस आडवा लागलेला. एका पेटीत रिक्षा घेऊन एक एकोणीस वर्षांचा हेल्पर ट्यूनिंग करीत होता. आत पाणी येते म्हणून दारे ओढून घेतलेली, एक वीतभर फट. इंजिन चालू. अर्ध्या तासाने चहावाला पोऱ्या ग्लास परत न्यायला आला तेव्हा हेल्पर टायरला टेकून बसलेला दिसला; हाक मारली तर हूं नाही की चूं नाही. चौघांनी बाहेर उघड्यावर काढले, पावसातच निजवले, दवाखान्यात नेले, पोरगा वाचला. मालकाचे म्हणणे, सकाळपासून काही खाल्ले नव्हते म्हणून चक्कर आली. मी त्या मालकाला वाईट म्हणत नाही. त्याला खरेच तसे वाटत होते. कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही, झोप आल्यासारखे वाटते. म्हणून तो दुष्ट. नालीदार लोखंडी पेटीत इंजिन चालू करायचे तर दोन्ही टोके उघडी पाहिजेत, किंवा सायलेन्सरला रबरी नळी लावून धूर बाहेर सोडला पाहिजे. तिसरा मार्ग नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली जमिनीलगत साचते. तिच्यासाठी भिंतीच्या तळाशी जाळ्या हव्यात. उन्हाने तापलेली हवा वर जाते. तिच्यासाठी वर समोरासमोर जाळ्या हव्यात. बॅटरी चार्जिंगला लावली की हायड्रोजन निघतो. ते टेबल बाहेर, पडवीत ठेवावे.

विजेविषयी एकच सांगतो. वीटकामाच्या खोलीत वायर सोलली तर भिंतीला ओल असल्याशिवाय फारसे कळत नाही. पेटीत कापलेल्या पत्र्याच्या धारेवर वायर घासली की अख्खी खोली जिवंत होते, कडीपासून छपरापर्यंत. पेटीच्या दोन कोपऱ्यांना अर्थिंग आणि मुख्य बोर्डाला तीस मिलिअँपियरला तुटणारा सर्किट ब्रेकर, हा खर्च एका टायरच्या किमतीहून कमी आहे.

आणि पेटी कापणाऱ्याचेही ऐका. तिचा रंग समुद्रासाठी केलेला असतो. त्याखाली जस्ताचा थर असतो, जुन्या पेट्यांत त्याहून वाईट द्रव्येही असतात. त्यावर सरळ गॅसकटर मारला की पांढरा धूर निघतो आणि रात्री वेल्डरला हिव भरते. त्याला वाटते मलेरिया झाला. कापण्याच्या रेषेवर आधी दोन इंच रंग खरवडून घ्यावा, वाऱ्याच्या बाजूला उभे राहावे, आणि तोंडाला रुमाल बांधण्याऐवजी योग्य मुखवटा लावावा. आधी पेटीत काय वाहिले होते तेही विचारावे. पेटीवर चार अक्षरे आणि सात आकडे असतात. ते तिचे नाव-गाव आहे. त्यावरून मालक कंपनी कळते. दारावर एक धातूची पाटी असते; १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ती लावलेली असते, तीवर पेटीच्या जन्माचे साल वाचता येते.

आता ती बांधणी सांगतो जी मला सगळ्यांत पटते. एकाच पेटीत काम करण्याऐवजी दोन पेट्या समोरासमोर ठेवा. वीस फुटी दोन पेट्या, मध्ये पंधरा-सोळा फूट मोकळी जागा, आणि दोहोंच्या माथ्यावरून पाईपच्या कैच्या टाकून वर पत्र्याचे छप्पर. एका पेटीत हत्यारे आणि सुटे भाग कुलपात. दुसरीत पाण्याचे पिंप, प्रथमोपचार, कपडे बदलायला आडोसा, दुपारी पाठ टेकायला फळी. जेवायलाही तीच, चेकर्ड प्लेट घातलेली. काम मधल्या मोकळ्या जागेत, दोन्ही टोके उघडी, वारा आरपार. मोटारीचे दार उघडण्याचा प्रश्न उरत नाही, धुराचा प्रश्न उरत नाही, इंजिनची घोडी उभी करायला जागा होते. भिंत कापावी लागत नाही म्हणून पेटीचा जोरही शाबूत राहतो. छप्पर पेट्यांवरही पुढे आले की त्यांच्या पत्र्यावर ऊन पडत नाही. चैत्रात आतला भट्टीचा जाळ निम्म्याने कमी वाटतो. ट्रकसाठी हीच गोष्ट चाळीस फुटी पेट्यांनी करावी, मधले अंतर वीस फूट ठेवावे, आणि पेटीच्या कोपऱ्यांच्या ठोकळ्यांवर खांब उभे करून छप्पर पंधरा फुटांवर न्यावे. पेटीची उंची साडेआठ फूट, तेवढ्याखाली ट्रक येत नाही.

पण छपराला वारा लागतो. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ रायगड जिल्ह्यात कुणी विसरले नसेल. श्रीवर्धन-मुरूडकडे घरांचे पत्रे पानांसारखे गेले. हिशोब सोपा आहे. आपल्या किनाऱ्याला घर बांधताना ताशी १६० किलोमीटरच्या आसपासचा वारा धरतात. तो चौरस मीटरला ११० ते १२० किलो दाब देतो. मधल्या छपराचे क्षेत्रफळ तीस चौरस मीटर. म्हणजे उचलणारा जोर साडेतीन टनांच्या घरात जाऊ शकतो. रिकामी वीस फुटी पेटी सव्वादोन टनांची. दोन मिळून साडेचार. तेवढे वजन पुरेल असे वाटते, पण छप्पर पेट्यांवरही पसरले की जोर वाढतो आणि वजन तेवढेच राहते. तेव्हा पेट्या नुसत्या मुरुमावर ठेवू नयेत. चार कोपऱ्यांखाली काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत पट्ट्या सोडाव्यात आणि पेटीचे तळकोपरे त्यांना जखडावेत. ठोकळे जमिनीपासून हातभर वर असले की पावसाळ्यात तळाची पट्टी चिखलात बसत नाही. आपल्याकडे शंभर इंचांच्या घरात पाऊस, त्यात खाडीची खारी हवा. पेटीचे पोलाद तांबे-क्रोमियम मिसळलेले असते, साध्या पत्र्यापेक्षा गंजाला चिवट. पण ओल्या मातीत पुरलेले कोणतेच लोखंड चिवट नसते.

कायद्याचे दोन शब्द. पेटी आपल्या किनाऱ्याला येते ती जकात न भरता, सहा महिन्यांत परत जाण्याच्या हमीवर. सीमाशुल्क अधिसूचनेची तशी अट आहे. ती इथेच विकायची तर जकात भरून कागद करावा लागतो. यार्डात स्वस्त मिळाली म्हणून कागदाविना घेऊ नका. दुसरे. "हिला पाया नाही, उचलून नेता येते, म्हणून हे बांधकामच नव्हे," असे आपल्याला सांगणारे सल्लागार फाट्यावर पैशाला पासरी आहेत. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात जमिनीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलसुद्धा विकासच धरला आहे, आणि त्याला परवानगी लागते. भाताच्या खाचरात गॅरेज निघाले की तो बदल झाला. खाजणात तिवरे बुजवून भराव टाकलात तर त्याहून मोठा गुन्हा. हे मी अधिकाऱ्यांच्या वतीने सांगत नाही. नोटीस आली की मालक पेटी उचलून दुसऱ्या फाट्यावर नेतो, आणि हेल्परचा हिशोब तिथल्या तिथे राहतो. पेटी चल आहे, पोट चल नाही.

कारखान्याचा कायदा या पोरांना पोचत नाही. १९४८ च्या मूळ कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांची मर्यादा होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेत ती वीस आहे. फाट्यावरच्या गॅरेजात माणसे चार, सहा, फार तर आठ. म्हणजे जिथे वायू आहे, वीज आहे, जॅकखाली डोके आहे, तिथे तपासनीस येणारच नाही. कुणी म्हणेल, मग तुमच्या युनियनने संप करावा. सहा माणसांच्या गॅरेजात संप कुणाविरुद्ध करायचा? मालक स्वतः गाडीखाली झोपलेला असतो. त्याच्यावरही ट्रान्सपोर्टवाल्याची तीन महिन्यांची उधारी असते. इथे जुनी हत्यारे चालत नाहीत, आणि हे मोर्च्यांत केस पांढरे झालेला माणूस आपणांस सांगत आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे. दहा मेकॅनिक एकत्र आले की १९६० च्या सहकारी कायद्याखाली संस्था नोंदवता येते. बंदराला, यार्डांना, ट्रान्सपोर्ट कंपन्यांना ट्रेलर उभे करायला जागा मिळते. त्याच जागेच्या कडेला दुरुस्तीच्या संस्थेसाठी पट्टा राखून मागावा. जमीन दिलेल्या गावांच्या पोरांनी मागावा आणि बाहेरून आलेल्या कारागिराला त्यात सभासद करून घ्यावे. त्या पट्ट्यावर मी सांगितलेल्या दोन-दोन पेट्यांच्या जोड्या उभ्या राहू शकतात. सामाईक शौचालय, सामाईक कम्प्रेसर, जळक्या तेलाचे सामाईक पिंप. ते तेल आज कुठे जाते ते विचारू नका. गटारातून खाडीत जाते, आणि खाडीतल्या निवट्यांना विचारा. नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाला पैसे देऊन ते घेतो, पण एक डबा न्यायला तो येत नाही, पिंपे भरली तर येतो. कतारने २०२२ च्या फुटबॉल स्पर्धेसाठी ९७४ पेट्यांचे क्रीडांगण उभे केले आणि जगाने त्याची चित्रे काढली. आम्हाला वीस-पंचवीस पुरतील.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलेले मला दिसले. ज्यांनी पेटी ठरवली आहे, असे दोघे-तिघे पुढच्या रांगेत बसले आहेत, त्यांच्यासाठी शेवटचे. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा मधल्या जागेचे उघडे तोंड त्या दिशेला ठेवू नका. पेटी तासाच्या भाड्याच्या हायड्राने उतरते, आणि हायड्रा आल्यावर कुणी मापे घेत बसला तर भाडे वाढत जाते. म्हणून आदल्या दिवशी दोरी लावून, पाण्याची नळी धरून चारही ठोकळे एका पातळीत आणून ठेवा. एक कोपरा अर्धा इंच जरी खाली बसला तरी सगळी चौकट तिरकी होते आणि दार चौकटीत बसत नाही. मग पोरे लाथा घालून दार लावतात, आणि महिन्याने बिजागऱ्या तुटतात. दार अडू लागले तर दाराला हात लावू नका. खाली वाकून ठोकळा पाहा.